बाहेरच्या भिंतीतली नळी

डुएन गुडघ्यांवर बसून न्हाणीघराच्या भिंतीवर हेअर ड्रायरची गरम हवा मारत होता.

"आई, दार कुणी लावलं होतं?"

आयली पलंगाच्या कडेवर बसून होती. बाहेर सरोवर गोठून दगड झालेलं, आणि भिंतीतल्या नळीत पाणी गोठून तिच्या खोलीचा नळ कोरडा ठणठणीत.

ही खोली डुएनने तिच्यासाठीच घराला जोडून बांधली होती, स्वतःच्या हातांनी. आईला ऊब मिळावी म्हणून भिंतीत थंडी अडवणारी काचलोकर गच्च भरली, पण भरली ती नळीच्या आतल्या अंगाला, खोलीच्या बाजूने. नळी बिचारी राहिली थंडीच्या तोंडी. हौसेला मोल नसतं म्हणतात. इथे ते आयली दर हिवाळ्यात मोजत होती. स्वयंपाकघरातली ऊब नळीपर्यंत यावी म्हणून खोलीचं आणि न्हाणीघराचं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची, थेट एप्रिलपर्यंत. भिंत येत्या उन्हाळ्यात फोडायची होती. असे उन्हाळे बरेच येऊन गेले.

आयलीला दिवसातून थोडा वेळ दार लावून बसायचं होतं, एवढंच. नवरा, तोइवो, गेल्यापासून ती त्याच्याशी फिनिश भाषेत मोठ्यानं बोलायची, भांडायची, रडायचीसुद्धा. उघड्या दारात ते जमेना. एकदा बोलायला लागली, तर सून कार्ला स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, हाक मारलीत?" आज मात्र तिला राहवलं नाही. दार लावून बोलत बसली ती बसलीच.

"चुकून लागलं असेल," ती म्हणाली.

"अगं, नळी फुटली असती तर पाणी तुझ्याच अंथरुणात आलं असतं."

खरं सांगावं असं तिला फार वाटलं. पण कामावरून धावत आलेल्या मुलाचे थंडीने लाल झालेले कान बघून ती एवढंच म्हणाली, "हो रे." गाऱ्हाणं करायची तिच्या फिनिश माणसांत रीतच नव्हती.

नळाला पाणी आलं. डुएन हसला, हातोडी घेऊन आला आणि खोलीच्या दाराच्या बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढल्या. दार उचलून तळघरात ठेवून आला.

"आता तुझ्या डोक्याला लक्षात ठेवायची कटकटच नको."

स्वयंपाकघरात टेबलाशी बटाटे सोलणाऱ्या कार्लाला आता आयलीची उशीसुद्धा दिसत होती. "किती मोकळं वाटतंय ना आई," ती मनापासून म्हणाली.

"हो ना." आयलीने कोट चढवला, टोपी घातली.

"या थंडीत कुठे निघालात?"

"इथेच."

अंगणात डुएनची गाडी उभी होती. ती आत बसली, दार ओढून घेतलं. काचा वर आहेत ना, हे एकेक करून बघितलं. मग म्हणाली, "तोइवो, ऐक." तिचा श्वास समोरच्या काचेवर आतून गोठायला लागला.