नेच्याचं ऊन

माझ्या सुनेइतकी, तलिताइतकी आळशी बाई सामोआतल्या अख्ख्या सवाई बेटावर सापडायची नाही. आमच्या बिनभिंतीच्या घराचे झावळ्यांचे पडदे ती दिवसाही खाली सोडते आणि माझा नेचा अंधारात कोंडते. मग मीच कुंडी ओढत अंगणात नेते.

आज ती ओरडली, "अहो सासूबाई, नेचा काय तापल्या दगडांवर भाजायला ठेवलाय? उन्हानं करपला की!"

"कसलं ऊन? आभाळ भरून आलंय. डोळे फुटले का तुझे?"

मी पानाला हात लावला. हातातच त्याचा चुरा झाला. धडपडत घरात आले, पडदा वर ओढायला गेले. चाचपत घरभर फिरले. एकूणएक पडदा वर गुंडाळून बांधलेला होता.

"तलिता," मी म्हटलं, "आळशी नाहीस तू. नेचा मागनं सावलीत ने. आधी माझा हात धर."