मच्छरदाणीचा मांडव

छायानं पिशवी भरून दाराशी ठेवली होती, पण कोंडाजी मच्छरदाणीतून बाहेर यायला तयार नव्हता.

"आप्पा, तुम्हीच फोन केला होता," ती म्हणाली. "मला घेऊन जा, इथं माझ्याशी कोणी बोलत नाय, असं कोण म्हणालं?"

"मीच म्हणालो. ताप यायच्या आधी म्हणालो."

"मग आता काय झालं?"

कोंडाजीनं आतूनच वर बोट दाखवलं. "हे झालं."

वर भारतनं केलेला सांगाडा होता. पलंगाच्या चारी कोपऱ्यांना पकडी, पकडींत उभ्या नळ्या, वर हलकी चौकट आणि मधोमध बिजागऱ्या. खटका ओढला की सगळं घडी होऊन भिंतीला लागायचं. भारत सिन्नरला एका कारखान्यात वेल्डर होता. सहा दिवसांपूर्वी बापाचा डेंग्यूचा रिपोर्ट हातात पडला, तसा तो तडक कारखान्यात गेला आणि दिवस मावळायच्या आत मोटारसायकलला नळ्या बांधून परत आला.

कोंडाजीला त्याचं नवल अजून सरलं नव्हतं. गेली सहा वर्षं "जेवलात का" आणि "दार लावून घ्या" यापलीकडे पोरगा त्याच्याशी बोलला नव्हता. सहा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्याच्या बायकोला, नवसाबाईला, धाप लागली तेव्हा कोंडाजी फुलबाजारात झेंडूच्या ढिगापाशी उभा होता. भारतनं तीनदा फोन केला. "गिऱ्हाईक आटपून येतो," कोंडाजी तिन्ही वेळा म्हणाला. तो घरी पोचला तेव्हा बायका ओट्यावर रडत बसल्या होत्या. भारतनं त्याला त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. तेच कोंडाजीला जास्त लागलं होतं.

"रजा टाकलीय त्यानं. दिवसातून चारदा येतो," तो आता आवाज खाली आणून छायाला सांगत होता. "कडा गादीखाली स्वतः खोचतो. भरदुपारीसुद्धा. हात जरा बाहेर काढला की म्हणतो, आप्पा, हात आत घ्या. सहा वर्षांनी आप्पा म्हणाला, पोरी."

छायानं मान वर करून सांगाडा न्याहाळला.

"आणि केली ती एकच. तो आन् स्नेहा उघड्यावर निजतात. ओम सात महिन्यांचा, त्याच्या पाळण्यालाही जाळी नाय. आधी बापाला केली."

स्नेहा चहा घेऊन आली. तिनं जाळीची कड वीतभर उचलली, कप आत सरकवला आणि लगेच खोचून टाकली.

"वहिनी, तू तरी सांग यांना," छाया म्हणाली. "तापातून उठलेत, हवापालट होईल."

"आज नका बाहेर काढू, ताई," स्नेहा म्हणाली. "हे आले की मला बोलतील. बजावून गेलेत." पाळण्यात ओम कुरकुरला, तशी ती घाईनं बाहेरच्या खोलीत गेली.

"ऐकलंस?" कोंडाजी म्हणाला.

छायानं पलंगाजवळ स्टूल ओढलं. "आप्पा, पिंपळगावाला मी मागची खोली रिकामी करून ठेवलीय. द्राक्षाचे क्रेट सासऱ्यांनी स्वतः उचलले. सासूबाईंना मनवायला महिना गेला माझा. आता जाऊन काय सांगू?"

"सांग, त्याला पोरगा हाय म्हणून."

"असं कसं सांगू?"

"जावयाच्या दारात पडून राहायला मी काय बिनपोराचा हाय?"

हे तो जरा मोठ्यानंच बोलला. छायानं त्याच्याकडे पाहिलं. मग उठून तिनं पिशवी उघडली, त्याची धोतरं, टोपी, चष्म्याचं घर एकेक करून खुर्चीवर ठेवलं आणि रिकामी पिशवी काखेत धरली.

"आता मी न्यायला यायची नाय," ती म्हणाली. "रागानं म्हणत नाय, आप्पा. पण त्या घरात पुन्हा हा विषय काढायला मला तोंड नाय राहिलं."

"नको काढूस."

"औषध घ्या वेळेवर."

ती आडगाव नाक्याला जीप धरायला निघून गेली. कोंडाजीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मनात कुठंतरी गारही वाटत होतं. तो पडल्या पडल्या वरच्या नळ्यांचे सांधे बघत राहिला. एकाही सांध्यात टोचेल असा कंगोरा नव्हता. घासून गुळगुळीत केले होते.

पाचेक मिनिटांत भारत दूध घेऊन आला. आल्या आल्या त्यानं आधी जाळीच्या कडा तपासल्या.

"ताई गेली?"

"परत लावून दिली तिला. म्हटलं, माझा भारत हाय ना."

भारतनं पायथ्याची कड पुन्हा खोचली. "पाय जाळीला टेकवू नका," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. आरोग्य खात्याची बाई होती. तिनं मोरीतलं पिंप बॅटरी मारून पाहिलं, कुलरचं पाणी ओतायला लावलं आणि बाहेरच्या खोलीत टेकली. मध्ये नुसता पडदा होता. तो जरा सारून तिनं आतली जाळी पाहिली.

"आजोबांचा कितवा दिवस?"

"नववा," भारत म्हणाला. "चार दिवस झाले, ताप नाही."

"मग सुटलात. आता जाळी काढली तरी चालेल. पण केलीत छान हो. लोक बाळाला जाळीत घालतात आणि पेशंटला उघडा ठेवतात. पेशंटला चावलेला डासच बाळाला जाऊन चावतो, हे सांगून सांगून थकलो आम्ही."

"मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर सगळं टाकून केली."

बाई गेल्यावर भारत आत आला. त्यानं जाळी सोडवली, खटका ओढला, सांगाड्याची घडी करून काखेत घेतली आणि दाराशी गेल्यावर, मागं न बघताच म्हणाला, "ताई अजून नाक्यावरच असेल. फोन करून थांबवू तिला?"