डावं पाऊल

अण्णा जिन्यातच थांबले आणि वळून माझ्या हातातल्या माइककडे बघत म्हणाले, “हे कुणाला ऐकवणार आहेस?”

“कॉलेजात. घरातल्या एकाची पावलं रेकॉर्ड करायची आणि स्टुडिओत स्वतः चालून हुबेहूब तशीच काढायची. सिनेमातल्या पावलांचे आवाज असेच करतात.”

“आणि याला शिक्षण म्हणतात.” ते पुन्हा उतरू लागले, नेहमीपेक्षा जरा ताठ.

मी हेडफोन लावून डोळे मिटले. उजवं पाऊल नीट पडत होतं. डावं मात्र टेकण्याआधी घासत होतं, प्रत्येक पायरीला.

“अण्णा, डावा पाय कधीपासून ओढताय?”

“चपलेचा अंगठा सैल झालाय.”

“मग चपला काढून चाला.”

ते हलले नाहीत. त्यांच्या बसचा क्लच डाव्या पायाखाली असतो आणि सोमवारी डेपोत ड्रायव्हरांची तपासणी होती.

मग त्यांनीच माझ्या कानांवरचे हेडफोन काढले, चपला कोपऱ्यात सारल्या आणि अनवाणी जिना चढून गेले. वरून हळूच विचारलं, “नुसत्या कानांनी येतं का ऐकू?”

येत होतं. इतके दिवस येतच असणार.