सासर मानवलं

"अंगानं भरलीस गं रेवती! सासर मानवलं हो," शेजारच्या जनाकाकू दारातच म्हणाल्या.

गोमतीबाईंनी माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला. तो टाकायला त्या वळल्या, तोच रेवतीनं हिसकावून तोंडात कोंबला.

गोमतीबाईंचा जन्म तेलासाठी शेवाळ पिकवणाऱ्या तळ्यांवर राबण्यात गेला होता. खत तोडलं की शेवाळ वाढायचं थांबतं आणि पोटात तेल साठवू लागतं, हे त्यांना पाठ होतं. उपासमारीत तग धरता यावा म्हणून तेच शेवाळ आता लशीतून सगळ्यांच्या रक्तात सोडलं होतं. म्हणजे उपाशी माणूसच अंगानं भरणार, हे मात्र त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आणि त्या घरची थोरली सून चांगली गुबगुबीत आहे, हे बघूनच त्यांनी तिथे लेक दिली होती.