सातवा खांब

मोजणीदारानं सायकल थांबवली, पुढच्या चाकावरच्या मोजणीयंत्राकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा तोच होता.

"दोनशे दहा मीटर कमी भरतंय."

"चाकातल्या हवेत फरक पडला असेल," आई म्हणाली. "पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलं, ताई."

गेल्या रविवारी याच मार्गावर तिच्या मुलीनं मॅरेथॉनचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता, एकतीस सेकंदांनी. विक्रम मान्य करण्याआधी मार्ग पुन्हा मोजायचा, असा नियम. मान्य झाला की मुलगी जागतिक स्पर्धेला जाणार. मोडलेला विक्रम बावीस वर्षांचा होता आणि तो आईचाच होता. आता ती मुलीची प्रशिक्षक. घरात रोज जुंपायची. "तू कुठली पळतेस, बूट पळतात तुझे," आई म्हणायची. "मग घाल की माझे बूट आणि पळ," मुलगी म्हणायची.

मोजणीदारानं नकाशा उघडला. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : वळण, पुलापासून सातवा खांब. दरवर्षी आयोजक तेवढं वाचून तिथं शंकू ठेवत आणि धावपटू त्याला वळसा घालून परत फिरत.

शिडीवर चढलेला पालिकेचा वायरमन वरूनच बोलला, "खांब होय? ते चार वर्षांपूर्वीच बदलले. आधी पन्नास मीटरला एक होता, आता पस्तीसला. उजेड बघा ना कसा पडतो!"

"सात खांबांमागे एकशे पाच," मोजणीदार पुटपुटला. "जाऊन-येऊन दोनशे दहा." त्यानं नकाशावरचं आपलं अक्षर पुन्हा वाचलं.

चार वर्षं! देशातल्या मॅरेथॉनच्या सगळ्या चांगल्या वेळा याच रस्त्यावरच्या. शेजारच्या देशाच्या धावपटूंशी असलेला वेळेतला फरक निम्म्यावर आला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. कुणी श्रेय बुटांना दिलं, कुणी डोंगरावरच्या सरावाला, कुणी बिटाच्या रसाला. एका तज्ज्ञानं तर राष्ट्राची मानसिकताच बदलली, असं साठ पानांत सिद्ध केलं होतं. खांब मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"बेचाळीस किलोमीटरात दोनशे मीटर म्हणजे दर्यामें खसखस," वायरमन म्हणाला.

"पंचेचाळीस सेकंद." इतका वेळ मुलगी कठड्याला टेकून उभी होती. हिशेब तिचा केव्हाच झाला होता. "म्हणजे मी चौदा सेकंदांनी मागेच राहिले."

वायरमन पुन्हा कामाला लागला. मोजणीदार माणूस सरळ, त्यात पार हबकलेला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलून गेला, "तुमच्या वेळी जुने खांब होते, ताई. विक्रम तुमचाच राहिला."

मुलीला जवळ घ्यायला आई पुढे झाली. मुलगी दोन पावलं मागे सरकली. ती रडत नव्हती. डोळे विस्फारून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"आई, तू हसलीस."

"काहीतरीच काय!" म्हणत आईनं तोंडावर हात नेला. हसू अजून तिथंच होतं.