दुसरी किल्ली

कमळामावशींनी दार ओढून घेतलं आणि लॅच लागलं. किल्ली आत, दूध गॅसवर. शेजारचा रावजी घरफोडीची शिक्षा भोगून आल्यापासून मावशी तुळशीला पाणी घालतानाही दार ओढून घेत. तोच कुंपणापाशी होता.

"रावज्या, तू उघड रे."

"कुलपाला पुन्हा हात लावणार नाही, असं आईला वचन दिलंय, मावशी." त्यानं हात पाठीमागे बांधले. "तुम्हीच उघडा. केसातला आकडा काढा. आत सारा. आता हळू, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा फिरवा."

खट्कन दार उघडलं. दूध वाचलं.

"हात हलका आहे तुमचा," रावजी गालात हसला. "आता मलाच माझं दार ओढून घ्यायला हवं."

मावशींनी त्याला पेलाभर दूध दिलं आणि हातावर दुसरी किल्ली ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. या वयात मला परत घरफोडी जमायची नाही."