रोलच्या डबीतली माती

लीड्सला शिकायला निघाले तेव्हा बाबांनी कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी माझ्या हातात दिली. "लंडनले गेली का बाबासाहेब शिकताना ज्या घरात राहिले, त्या घरापुढची थोडीशी माती आनजो, बेटा." पुढे ब्राझील, कोरिया, तुर्कस्तान अशा तीन देशांच्या मैत्रिणींसोबत शनिवार-रविवार लंडनला गेले. दोन दिवस नुसती पळापळ: पूल, राजवाडा, मेणाचे पुतळे, उभ्याउभ्या सँडविच. परतीच्या बसला दीड तास उरला, तेव्हा मी पत्त्याचा कागद काढला. "कुणाचं घर?" कोरियन मैत्रिणीनं विचारलं. ते सांगायचं तर आम्ही कोण, हेही सांगावं लागणार होतं. "कुणाचं नाही, राहू दे," मी म्हटलं आणि त्यांच्यामागोमाग बुटांच्या दुकानात शिरले. डबी मी लीड्सच्या होस्टेलमागच्या गवतातल्या मातीनं भरली. बुद्धपौर्णिमेला घरी आले, तर नालवाडीच्या विहारात सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमलेली. बाबांनी डबी मूर्तीपुढे ठेवली, मेणबत्ती लावली. म्हातारेकोतारेसुद्धा येऊन डबीपुढे वाकून गेले. मग सगळे सतरंजीवर बसले आणि बाबा मला म्हणाले, "आता सांग बेटा, त्या घराचं दार कोण्या रंगाचं हाये?" "निळं," मी म्हटलं. "मले वाटलंच होतं," शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, आणि डबी उचलून त्यांनी कपाळाला लावली.